बेकिंग करणाऱ्या पंधरा वर्षांच्या भाच्याला वाढदिवसाला काय द्यावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाण्याला असता आणि तुमच्या बहिणीचा मुलगा अमरावतीला राहतो. येत्या मे महिन्यात त्याला पंधरा वर्षं पूर्ण होतील आणि जूनमध्ये तो दहावीत जाईल. वर्षभर यूट्यूब बघून तो घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, केक आणि कुकीज करतोय. घरात अंडं चालत नाही. तुमचं बजेट तीन हजारांच्या आसपास आहे आणि तुम्ही तीन गोष्टी पाहून ठेवल्या आहेत: शंभराच्या वर वस्तू असलेला केक डेकोरेशनचा सेट, कमी किमतीतला एक स्टँड मिक्सर, नाहीतर परदेशी पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की त्याचा केक 'कधी झकास होतो, कधी मधोमध बसतो, आणि का ते त्यालाही कळत नाही'.

माझं सगळं उत्तर त्या शेवटच्या वाक्यावर बेतलेलं आहे. मी पुण्यात बेकिंगचे वर्ग घेते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे याच वयाची मुलं-मुली येतात. त्यांच्यात हौस भरपूर असते, हातही चालतो. अडतं ते एकाच ठिकाणी. आज जमलेली गोष्ट पुढच्या रविवारी तशीच जमत नाही. या वयात दोन-तीन केक लागोपाठ फसले की मूल म्हणतं, 'मला येत नाही', आणि ओटीजी पुन्हा पापड भाजायला मोकळा होतो. म्हणून मी भेट निवडताना एवढंच बघते की हिच्यामुळे त्याचा पुढचा केक मागच्यासारखा होईल का.

तर माझी यादी अशी. ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल वजनकाटा, ओव्हनच्या आत ठेवायचा थर्मामीटर, त्याच्या ओटीजीत नीट मावेल असा एक चौकोनी टिन, मापाच्या चमच्यांचा स्टीलचा संच, जाड हातमोजे, आणि उरलेल्या पैशांचं सामान. वाढदिवसाची भेट म्हणून हे जरा रूक्ष वाटेल, मान्य आहे. काट्यावर चमकी नसते. पण कारणं वाचा आणि मग ठरवा.

आधी काटा. यूट्यूबवरच्या बहुतेक पाककृती कपात असतात. कप म्हणजे साधारण २४० मिली, काही संचांत २५०. आता याच कपात मैदा चमच्याने हलकेच भरून वर सुरीने सपाट केला तर तो १२० ग्रॅमच्या आसपास बसतो. तोच कप डब्यात खुपसून, ओट्यावर दोनदा आपटून भरला की १५० ग्रॅमपर्यंत जातो. वर्गात मी पहिल्या दिवशी हेच करून घेते. एकच कप, एकच डबा, मुलं वेगळी, आणि काट्यावर प्रत्येकाचा आकडा वेगळा. दोन कप मैद्याच्या केकमध्ये हा फरक ६० ग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे चक्क अर्धा कप मैदा जास्त. केक कोरडा झाला की पोरगं पाककृतीला नावं ठेवतं. साखरेची गंमत आणखी वेगळी. कपभर साधी साखर २०० ग्रॅम भरते आणि कपभर पिठीसाखर १२० च्या आसपास. पाककृतीत साखर लिहिलेली असताना घरात दळून ठेवलेली पिठीसाखर त्याच कपाने घातली तर गोडी कमी होतेच, शिवाय केकचा मऊपणाही जातो, कारण साखर ओलावा धरून ठेवते.

अंड्याच्या केकमध्ये असल्या चुका थोड्याफार खपून जातात. उष्णतेने अंड्यातली प्रथिनं घट्ट होतात आणि फुगलेल्या केकला आतून आधार देतात. बिनअंड्याच्या केकला तो आधार नसतो. मैदा, दही किंवा कंडेन्स्ड मिल्क आणि सोड्याचा वायू एवढ्यावर सगळा डोलारा उभा असतो. म्हणून तुमच्या भाच्याला काटा इतरांपेक्षा जास्त लागणार आहे.

काटा घेताना १ ग्रॅमपर्यंत मोजणारा आणि किमान ५ किलो क्षमतेचा घ्या. भांडं ठेवून आकडा शून्यावर आणायचं बटण असायला हवं, म्हणजे एकाच पातेल्यात एकामागून एक जिन्नस घालता येतात आणि कमी भांडी धुवावी लागतात. तुमच्या बहिणीला ही शेवटची गोष्ट आवर्जून सांगा. वरचा भाग सपाट असलेला काटा बरा. ज्याला स्वतःचंच वाडगं चिकटलेलं असतं तो पुसायला कटकटीचा. शक्यतो साध्या पेन्सिल सेलवर चालणारा बघा. बटणासारखा सेल संपला की तो आणायचं राहून जातं आणि काटा कपाटात पडून राहतो.

मापाचे चमचे वेगळे का, असं वाटेल. अर्धा छोटा चमचा सोडा जेमतेम तीन ग्रॅम भरतो आणि इतक्या कमी वजनाला १ ग्रॅमचा काटा भरवशाचा नाही. सोडा, बेकिंग पावडर, मीठ, यीस्ट हे चमच्यानेच घ्यायचं. पण चमचा मापाचा हवा, ५ मिली आणि १५ मिलीचा. घरातले चहाचे चमचे तीन लग्नांतून आलेले असतात आणि तिन्ही वेगळे असतात.

आता थर्मामीटर. ओटीजीच्या चकतीवर १८० लिहिलंय म्हणून आत १८० असतं असं नाही. घरगुती ओटीजीत वीस-तीस अंशांचा फरक मी सर्रास पाहिलाय, कधी वर, कधी खाली. दोन्हीमुळे केक मधे बसू शकतो, फक्त वेगवेगळ्या वाटांनी. ओव्हन जास्त तापला असेल तर कडा आणि वरची साल लवकर पक्की होते, केक तयार दिसतो, आपण बाहेर काढतो, मधला भाग कच्चा असतो आणि निवताना खाली जातो. ओव्हन थंड असेल तर सोड्याचा वायू तयार होऊन निसटूनही जातो आणि केकचा सांगाडा अजून पक्का झालेलाच नसतो. त्यात पोराने पंधराव्या मिनिटाला दार उघडून बघितलं की उरलीसुरली उष्णता बाहेर. (काचेतून बघायची सोय असताना दार का उघडतात, हे मला आजवर कळलेलं नाही.)

ओव्हनमध्ये ठेवायचा गोल तबकडीचा थर्मामीटर तीन-चारशे रुपयांत येतो. तो जाळीवर मधोमध, जिथे टिन ठेवणार तिथेच ठेवायचा. चकती १८० वर लावून पंधरा मिनिटं तापू द्यायचं आणि मग काचेतून आकडा बघायचा. रॉड चालू-बंद होत राहतात म्हणून एकदाच बघून भागत नाही. पाच-पाच मिनिटांनी तीन-चारदा बघायचं आणि साधारण मधला आकडा धरायचा. आत २०० निघाले तर त्याने इथून पुढे चकती १६० वर लावून पुन्हा बघायचं. एवढं एका दुपारी केलं की तो ओव्हन त्याच्या ओळखीचा झाला. माझ्याकडच्या कित्येक मुलांचा 'मधे बसणारा' केक याने सुधारला आहे. तुमच्या भाच्याचंही कारण हेच असेल अशी खात्री मी इथे बसून देऊ शकत नाही. सोडा जास्त पडणं, टिन काठोकाठ भरणं, दही आणि सोडा एकत्र झाल्यावर घोळ तसाच ओट्यावर ठेवून मग ओव्हन तापवायला लावणं, यांनीही केक बसतो. पण काटा, चमचे आणि थर्मामीटर हाताशी असले की त्याला एकेक शक्यता बाद करता येते. आज त्याच्याकडे अंदाजाशिवाय काहीच नाही.

टिनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे मला तुमच्या प्रश्नातला मे महिना आणि अमरावती दोन्ही महत्त्वाचे वाटतात.

लोणी आणि साखर फेसून केलेल्या केकसाठी लोणी १८ ते २० अंशांवर असावं लागतं. तेव्हाच ते हवा धरून ठेवतं. अमरावतीत मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार असतो आणि कूलर लावला तरी स्वयंपाकघर काही विशीत येत नाही. फ्रीजमधून काढलेलं बटर बघता बघता तेलकट होतं आणि फेसायला घेतलं की हवा धरायच्या ऐवजी ओघळतं. व्हिपिंग क्रीमचं तर नाव काढू नका. फुलं काढेपर्यंत पाकळ्या बसतात. म्हणजे डेकोरेशनचा सेट त्याच्या हातात नेमका अशा महिन्यात पडणार, जेव्हा तो वापरणं सगळ्यात अवघड. पोरगं सुट्टीत उत्साहाने बसणार आणि चिडून उठणार.

त्याच उकाड्यात एक गोष्ट मात्र बहरते, ती म्हणजे पाव. पुण्याच्या डिसेंबरात यीस्टचं पीठ दुप्पट व्हायला दीड-दोन तास घेतं, विदर्भाच्या उन्हाळ्यात ते पाऊण तासातही होऊन जातं. उलट गार पाण्याने मळून त्याला आवरावं लागतं. आणि साध्या पावात अंडं मुळातच नसतं. आजवर तो जे करत आलाय ते अंड्याच्या पाककृतीतून अंडं काढून, बदली काहीतरी घालून केलेलं. पावात अशी तडजोड करावी लागत नाही. शिवाय फसला तरी नुकसान मैद्या-यीस्टचं. बटर आणि चॉकलेटचा केक फसला की घरात बोलणी बसतात, पाव फसला तर त्याचा चुरा करून कटलेटला लावता येतो. दहावीच्या वर्षात याचा आणखी एक फायदा आहे. मळायला दहा-बारा मिनिटं, मग पीठ आपलं आपण फुगतंय, तोवर तो गणितं सोडवू शकतो. तुमच्या बहिणीला हे पटायला हरकत नाही.

म्हणून मी चौकोनी टिन सुचवते. ८ इंची चौकोनी टिनचं क्षेत्रफळ ६४ चौरस इंच, म्हणजे ९ इंची गोल टिनएवढंच. ७ इंची चौकोनी टिन ४९ चौरस इंचांचा, तो जवळजवळ ८ इंची गोल टिनच्या जागी चालतो. त्यामुळे यूट्यूबवर गोल टिनसाठी सांगितलेला केक त्यात होतो, ब्राउनी होते आणि लादीपावही होतो. लादीपावासाठी ३०० ग्रॅम मैदा, दूध-पाणी मिळून १९० ग्रॅमच्या आसपास, मापाचा एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, थोडं बटर, साखर, मीठ. एवढ्या पिठाचे नऊ गोळे होतात, एकेक साधारण ६० ग्रॅमचा. इथे काटा पुन्हा कामाला येतो, कारण गोळे समान वजनाचे असतील तर लादी एकसारखी फुगते. गोळे टिनमध्ये एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवायचे, फुगून ते आपोआप चिकटतात. भाजायच्या आधी वरून दुधाचा हात, बाहेर काढल्या काढल्या बटरचा. पंधरा वर्षांच्या मुलाने घरच्या पावभाजीला स्वतःची लादी आणून ठेवली की त्याचा भाव वधारतो, हे मी वेगळं सांगायला नको. पुढे हात बसला की गव्हाच्या पिठाची, कोंडा लावलेली गोव्याची पोई आहे, टोस्ट आहे, खारीचा नाद लागला तर मग विचारूच नका.

टिन ॲल्युमिनियमचा, सरळ कडांचा, दोन ते अडीच इंच उंचीचा घ्या. काळ्या नॉनस्टिकचा तळ लवकर करपतो आणि सिलिकॉनच्या साच्याला खालून हवा तसा तांबूस रंग येत नाही. ज्याची कडा कुलपासारखी उघडते तो टिन मोहात पाडतो, पण बिनअंड्याचा पातळ घोळ त्यातून गळतो आणि खालचा ट्रे घासत बसावं लागतं. टिन आणि ओव्हनच्या भिंतींमध्ये चारी बाजूंनी इंचभर तरी जागा राहायला हवी, नाहीतर गरम हवा फिरत नाही. छोट्या ओटीजीत ८ इंची चौकोनी टिन जेमतेम बसतो, तेव्हा ७ इंचीच घ्या.

हातमोजे मी हौसेखातर सुचवलेले नाहीत. घरोघरी ओव्हनमधून टिन काढायला ओट्यावरचं फडकं वापरतात आणि ते बहुतेक वेळा ओलसर असतं. ओल्या फडक्यातून उष्णता क्षणात हातापर्यंत येते, वाफेचा चटका बसतो आणि टिन हातातून सुटतो. ओटीजीत वरचा रॉड हाताच्या मागच्या बाजूला लागतो, म्हणून मनगटाच्या वरपर्यंत येणारे, जाड कापसाचे मोजे बघा. सेटमध्ये मिळतात ते पातळ, कपकेकचं चित्र असलेले मोजे शोभेचे असतात.

आता तुम्ही पाहिलेल्या तीन गोष्टींबद्दल.

डेकोरेशनचा सेट मी देणार नाही. त्यातली चाळीसेक नोझल, म्हणजे क्रीमच्या पिशवीला लावायची टोकं, दिसायला भारी वाटतात, प्रत्यक्षात एक मोठं चांदणीचं, एक गोल आणि एक पानाचं एवढ्यावर घरचे बहुतेक केक सजतात. बाकीची डब्यात गंजतात. फिरकीचं प्लास्टिकचं टेबल केक ठेवला की हलतं. आणि हो, यातले बरेच सेट गुलाबी डब्यात, परीच्या चित्रांसकट येतात. पंधरा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर तो डबा उघडावा लागला तर काय होईल, याचाही विचार करा. काट्याला असा काही प्रश्न नाही.

स्टँड मिक्सर चांगला असेल तर उपयोगी असतो, पण तीन हजारांत चांगला येत नाही. स्वस्त यंत्राची मोटर पावाचं पीठ मळताना तापते. शिवाय त्याचं भांडं मोठं असतं, १०० ग्रॅम बटर तळाशी राहतं आणि फेसणी त्याला धड पोचतच नाही. घरगुती मापाला इलेक्ट्रिक हँड बीटर पुरतो. तो त्याच्याकडे आहे का, हे बहिणीला विचारा. नसेल आणि तुम्ही बजेट हजार-दीड हजारांनी वाढवायला तयार असाल तर तो यादीत घाला. पाव हाताने मळणं मात्र या वयात शिकावंच, पीठ कधी तयार झालं ते बोटांनाच कळतं.

पुस्तकाचा मोह मी समजू शकते, मलाही पुस्तकं आवडतात. पण अमेरिकन पुस्तकात 'एक स्टिक बटर' लिहिलेलं असतं, म्हणजे ११३ ग्रॅम, आणि ओव्हन ३५० वर, ते फॅरनहाइट, म्हणजे आपले १७७ अंश. ब्रिटिश पुस्तकात सेल्फ रेझिंग फ्लोअर असतं, ज्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. साधा मैदा घातला की केक विटेसारखा. ऑस्ट्रेलियन मोठा चमचा १५ नव्हे, २० मिलीचा असतो. ब्रिटिश पुस्तकातल्या डबल क्रीममध्ये स्निग्धांश ४८ टक्के असतो, आपल्या अमूल फ्रेश क्रीममध्ये २५. ते कितीही फेटा, घट्ट होणार नाही. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर तीन अंडी. हे सगळं उलगडायला तो अजून थोडा मोठा व्हायला हवा. त्याऐवजी शंभर पानांची एक वही द्या आणि सांगा, प्रत्येक वेळी वजनं, थर्मामीटरचा आकडा आणि लागलेली मिनिटं लिही. दिवाळीपर्यंत त्याचं स्वतःचं पुस्तक तयार होईल आणि ते त्याच्या ओटीजीचं असेल.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. तुम्ही ज्याला ओटीजी म्हणताय तो खरोखर ओटीजीच आहे ना, हे एकदा पक्कं करा. बऱ्याच घरांत मायक्रोवेव्हलाही ओव्हनच म्हणतात. साध्या मायक्रोवेव्हमध्ये यातलं काहीही भाजलं जात नाही आणि धातूचा टिन आत ठेवला तर ठिणग्या उडतात. कन्व्हेक्शनचा, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवणारा असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोडवर आणि सोबत आलेल्या जाळीवर टिन ठेवून चालतं. त्याची खरी ओढ सजावटीकडेच असेल, म्हणजे केक कसाही होवो पण क्रीमच्या फुलांवर तास घालवत असेल, तर माझी यादी थोडी बदला. काटा आणि थर्मामीटर राहू द्या, टिनऐवजी तीन सुटी स्टीलची नोझल, चांगल्या पिशव्या आणि क्रीम पसरायची एक वाकडी, बोथट सुरी (पॅलेट नाइफ) घ्या. सरावाला क्रीम वाया घालवायची गरज नाही. फेटलेल्या वनस्पती तुपाची फुलं ताटावर काढायची, खरवडायची, पुन्हा पिशवीत भरायची. आणि तो तुम्हाला वाटतंय त्याच्या बराच पुढे गेलेला असेल, काटा-बिटा आधीच असेल, तर सरळ चांगलं सामान द्या. त्याला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच होईल.

सामानाविषयी दोन-तीन गोष्टी. ठाण्याहून अमरावतीला मे महिन्यात चॉकलेट कुरिअरने पाठवू नका. वितळून, पुन्हा गोठून, वर पांढरे डाग पडलेलं पोचेल. खायला ते चालतं, पण भेट म्हणून हातात घेतल्यावर चेहरा पडतो. बटर, चॉकलेट बहिणीला तिथेच आणायला सांगा आणि पैसे पाठवा. कोको पावडर, व्हॅनिला, बेकिंग पेपर, इन्स्टंट यीस्टचं पाकीट हे तुम्ही पाठवू शकता. यीस्टचं पाकीट एकदा फोडलं की हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवायला सांगा. बेकिंग पेपर घेताना सिलिकॉनचा थर असलेला मागा. साधा पातळ बटर पेपर केकला चिकटतो. चॉकलेटच्या वेष्टनावर कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट दिसलं तर ते कंपाउंड चॉकलेट. ते वाईट नाही, अमरावतीच्या उन्हाळ्यात सजावटीला उलट तेच सोयीचं, कारण त्याला टेम्परिंग, म्हणजे वितळवून ठरावीक तापमानांवर गार-गरम करणं, लागत नाही. ब्राउनीच्या चवीसाठी मात्र कोको बटर असलेलं घ्यायला सांगा. घरात अंडं चालत नाही म्हणजे जिलेटिनही चालणार नाही, ते प्राण्यांपासून बनतं. मार्शमेलो आणि तयार जेलीच्या पाकिटांवर हिरवी खूण बघूनच घ्या. जेली करायची असेल तर चायना ग्रास आहे.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर काटा पाचशे ते सातशे, थर्मामीटर तीन-चारशे, टिन तीन-चारशे, चमचे दीडशे, मोजे तीनशेच्या आसपास. दुकानागणिक फरक पडतो, पण दोन हजारांच्या आत बसावं. उरलेले हजार सामानाला. त्यातून अर्धा किलो अनसॉल्टेड बटर आणि थोडं चॉकलेट येतं, म्हणजे सुट्टीभर 'आई, बटर संपलं' हे ऐकावं लागणार नाही. तुम्ही ठाण्याला आहात, तर क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या बेकरी सामानाच्या दुकानांत हे सगळं एका फेरीत मिळेल. पुण्याला कुणी येणार असेल तर रविवार पेठेतली बोहरी आळी. टिन ऑनलाइन घेण्यापेक्षा हातात घेऊन बघितलेला बरा, पत्रा किती जाड आहे ते कळतं.

खरेदीला निघण्याआधी बहिणीकडून तीन गोष्टी गुपचूप मागवा: ओटीजीचं दार उघडून आतला फोटो, आतल्या जाळीची लांबी-रुंदी मोजपट्टी लावून, आणि घरात आत्ता कोणते टिन आहेत ते. काटा दुकानातच सेल घालून तपासा. रिकामं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि मापाच्या भांड्याने १०० मिली पाणी ओता, काटा १०० ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवा. पाणी नसेल तर दुकानातलंच अर्धा किलोचं बंद पाकीट ठेवून बघा, वेष्टनाचे चार-पाच ग्रॅम जास्त धरून. बिल मागून घ्या आणि टिनपुरतं आधीच बोलून ठेवा: ओव्हनमध्ये बसला नाही तर न वापरलेला टिन बदलून देणार का.